जुनी जीप किंवा जिप्सी वाळूत नेताना: आधी काय करावे आणि मग काय

जैसलमेरजवळच्या सम आणि खुहडी भागातल्या वाळूत हिवाळ्यात महाराष्ट्रातूनही जुन्या जिप्सी आणि महिंद्राच्या जीप घेऊन मंडळी जातात. त्यांतल्या ज्या गाड्या रुततात, त्या बहुतेक वेळा इंजिनाची ताकद अपुरी पडली म्हणून रुतत नाहीत. गाडी रुतल्यावर टायरमधली हवा कमी केली जाते, रुतल्यावर पुढच्या चाकांचे हब (चाकाला त्याच्या अॅक्सलशी जोडणारे खटके) लॉक केले जातात, रुतल्यावर फावडे कोणत्या सामानाखाली गेले त्याचा शोध सुरू होतो, आणि परत आल्यावर इंजिन ऑइल पिऊ लागले की एअर फिल्टरची आठवण होते. यातली प्रत्येक कृती बरोबर आहे. ती फक्त उशिरा झालेली आहे. त्यामुळे पुढचे टप्पे वाचताना त्यांचा क्रम बदलू नये.

येथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे कार्ब्युरेटरची जिप्सी (१९८५ पासूनची ९७० सीसीची किंवा नंतरची १.३ लिटरची) अथवा डिझेल इंजिनाची जुनी महिंद्रा जीप. अशा गाडीला लोखंडी पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सस्पेन्शन असते, स्टीअरिंग हाताच्या जोरावर फिरवावे लागते, टायरमध्ये बऱ्याचदा ट्यूब असते आणि चाक घसरू लागले तर ते सावरणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसते. नव्या गाडीचा चालक ज्या चुका करूनही निभावून जातो, त्या येथे निभावत नाहीत. या गाड्यांच्या बाजूने एकच मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे वजन. जिप्सी सुमारे एक टनाची आहे आणि वाळूत हे हलकेपण इंजिनाच्या ताकदीइतकेच कामाला येते, अर्थात टपावर कॅरिअर ठोकून त्यावर संसार लादला नसेल तर.

परवानगीबद्दल: सम आणि खुहडीच्या आसपासचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत येतो आणि सीमेकडचा भाग प्रतिबंधित आहे. स्थानिक प्रशासनाकडे आणि वनखात्याकडे विचारल्याशिवाय रस्ता सोडू नये. कोकणच्या किनाऱ्यावर सराव करून घेऊ, हा विचार तर मुळीच करू नये. तिथे वाळूखाली पाणी असते, भरती वाट पाहत नाही, खारे पाणी चेसिस खाते, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालणे बेकायदा आहे.

## टप्पा १: इंजिनात जाणारी हवा (निघण्यापूर्वी, घरी)

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वांत महत्त्वाचाही आहे. वाळूतला बारीक कण मुख्यतः सिलिकाचा असतो आणि तो पिस्टनच्या रिंगांना घासून काढण्याइतका कठीण असतो. फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमध्ये मिसळते आणि त्या ऑइलचे पॉलिश पेपरसारखे काम सुरू होते. इंजिन त्या दिवशी बंद पडत नाही, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. काही महिन्यांनी धूर दिसू लागतो आणि दोष मात्र ऑइलच्या दर्जाला दिला जातो.

जुन्या जीपमध्ये ऑइल बाथ प्रकारचा फिल्टर असतो. त्यात हवा वरून खाली येते, वाटीतल्या ऑइलच्या पृष्ठभागाशी एकदम उलटी वळते, जड कण त्या वळणावर ऑइलमध्ये फेकले जातात आणि उरलेली धूळ वरच्या ओल्या जाळीत अडकते. ही रचना कळली की तिचे दोष आपोआप कळतात. हवेला वेग असेल तरच कण फेकले जातात, म्हणजे मंद चालणाऱ्या इंजिनात हा फिल्टर सर्वांत कमी काम करतो. धुळीच्या लोटात गाडी उभी करून इंजिन सुरू ठेवणे त्यामुळे विशेष वाईट. गाडी फार तिरकी झाली तर ऑइल एका बाजूला जाते किंवा सांडते, हाही त्याचा दोष आहे.

करावयाची कामे अशी:

1. वाटी काढून जुने ऑइल टाकून द्यावे, तळाशी बसलेला चिखल खरवडावा, वाटी आणि जाळी दोन्ही डिझेलने धुवावीत आणि जाळी पूर्ण निथळू द्यावी.
2. वाटीवरच्या खुणेपर्यंतच ऑइल भरावे. इंजिनात वापरतो तेच ऑइल चालते.
3. वाटीच्या वरचे रबरी किंवा कॉर्कचे गॅस्केट चपटे, कडक किंवा तुटलेले असेल तर बदलावे.
4. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीची प्रत्येक घडी हाताने दाबून, वाकवून पाहावी. भेगा घडीच्या आतल्या बाजूला पडतात आणि नळी सरळ असताना दिसत नाहीत.
5. नळीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा नव्या घालाव्यात. तार गुंडाळून केलेली सोय वाळूत चालत नाही.

जिप्सीत कागदी फिल्टर असतो. त्याच्या बाबतीत नवा फिल्टर घालावा आणि एक जादा सोबत ठेवावा, इतकेच. कागदी फिल्टरला हवा मारायची असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने मारावी. बाहेरून आत मारलेली हवा धूळ कागदात आणखी खोल बसवते.

धोका: ऑइल बाथमध्ये खुणेपेक्षा जास्त ऑइल भरू नये. डिझेल इंजिन ते ऑइल ओढून त्यावरच धावू लागते आणि मग किल्ली फिरवून किंवा स्टॉपर ओढून बंद होत नाही. असे झालेच तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा आणि इंजिन जबरदस्तीने बंद पाडावे.

तपासणी: गाडी धुळीच्या कच्च्या रस्त्यावर तासभर चालवावी. मग फिल्टरनंतरच्या नळीत पांढरे फडके आत घालून पुसावे. तेलकट डाग आला तर हरकत नाही. ते फडके बोटांत चोळल्यावर करकर जाणवली, तर कुठून तरी गळती आहे आणि ती सापडेपर्यंत थरच्या वाळवंटाकडे निघू नये.

याच टप्प्यात दोन दुर्लक्षित जागा पाहाव्यात. ऑइल भरण्याच्या झाकणाला जुन्या इंजिनांत श्वास घेण्याची जाळी असते, ती धुवावी. डिपस्टिक आपल्या भोकात सैल बसत असेल तर तिथूनही धूळ थेट ऑइलमध्ये उतरते, म्हणून ती घट्ट करून घ्यावी आणि वाळूत असताना ओढण्यापूर्वी आजूबाजूचा भाग पुसण्याची सवय लावावी.

## टप्पा २: पाणी, पेट्रोल आणि ठिणगी

वाळूत गाडी हळू चालते आणि इंजिन मात्र जोरात फिरते. समोरून येणारा वारा नसतो, कित्येकदा तो पाठीमागून येत असतो, आणि सगळी भिस्त पंख्यावर राहते. त्यामुळे पंख्याचा पट्टा नवा असावा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. रेडिएटरच्या पात्यांमधली माती इंजिनाच्या बाजूने पाणी मारून पुढे काढावी. पुढून मारले तर ती आतच रुतून बसते.

गावोगावचे मिस्त्री गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढून टाकतात. हा उपाय नव्हे. गाडी तापण्याचे खरे कारण (चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा चुकलेले टायमिंग) तसेच राहते, थंड सकाळी इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो आणि वाळूत जोर लागला की गाडी पूर्वीसारखीच तापते. थर्मोस्टॅट काढला असेल तर परत बसवून घ्यावा.

ज्या जुन्या जीपला रेडिएटरचे पाणी साठवणारी बाटली नसते, तिच्यात उकळलेले पाणी नळीतून वाळूवर सांडते आणि परत मिळत नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन फिरणाऱ्या राल्फ बॅगनॉल्ड यांनी यावर उपाय केला होता. रेडिएटरची वाफ नळीने पाणी असलेल्या डब्यात सोडायची, ती तिथे थंड होऊन पाणी बनते आणि इंजिन निवले की तेच पाणी रेडिएटर परत ओढून घेतो. आजही हेच करता येते. बाटली बसवावी, नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेले राहील असे पाहावे आणि रेडिएटरला पाणी परत घेणारी झडप असलेले झाकण घालावे. जुन्या साध्या झाकणाने बाटली नुसतीच भरत राहते.

पेट्रोल गाडीत पुढची अडचण वाफेची. इंजिनावरच बसवलेला यांत्रिक पंप तापतो, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि टाकी भरलेली असूनही कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून शक्य तितकी दूर बांधावी. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून नळ्या आणि पंपातला पडदा दोन्ही नवे घालावेत. वाटेत वाफ धरलीच तर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. सेल्फ मारत बसून बॅटरी संपवू नये.

ठिणगीकडे फार वेळ देण्याची गरज नाही. डिस्ट्रिब्युटरचे झाकण तडकलेले नसावे आणि त्याच्या दोन्ही क्लिपा घट्ट बसाव्यात. पॉइंटची गाडी (डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगीसाठी उघड-मीट करणारे संपर्क असलेली) असेल तर त्यांची फट गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, बहुतेक जुन्या इंजिनांत ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास, ठेवावी आणि पॉइंट, कंडेन्सर, रोटर यांचा एक जोड सोबत असावा.

## टप्पा ३: सोबतचे सामान आणि ते ठेवण्याची जागा

लांब दांड्याचे फावडे, टायरची हवा मोजण्याचा स्वतःचा गेज, हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, जॅक आणि त्याखाली ठेवायची किमान एक फूट लांब-रुंद जाड फळी, चाकांखाली घालायच्या दोन पट्ट्या, ओढण्याचा दोर, माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी आणि रेडिएटरसाठी वेगळे दहा लिटर. इंधनाचा हिशेब करताना वाळूत गाडी रस्त्यापेक्षा दीड ते दुप्पट पिते असे धरावे.

यादीपेक्षा मांडणी महत्त्वाची आहे. फावडे, गेज आणि पट्ट्या सर्वांत वर असाव्यात. जड सामान खाली आणि शक्यतो दोन्ही अॅक्सलच्या मधोमध असावे. टपावर काहीही ठेवू नये. जिप्सी अरुंद आणि उंच आहे, तिला कलंडायला फार निमित्त लागत नाही.

एकट्या गाडीने वाळूत जाऊ नये. किमान दोन गाड्या असाव्यात.

तपासणी: पुढे आणि मागे ओढण्याचे हूक चेसिसला बोल्टने बसवलेले आहेत का, हे गाडीखाली झोपून पाहावे. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हूक शोभेचा समजावा. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला केसासारखी भेग दिसते का, हेही त्याच वेळी पाहावे.

## टप्पा ४: वाळूच्या कडेला, आत शिरण्यापूर्वी

वेळ शक्यतो सकाळची निवडावी. रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळूचा वरचा थर थोडा घट्ट असतो. दुपारी तीच वाळू भुसभुशीत होते आणि इंजिनही जास्त तापते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

वाळूच्या कडेला कठीण जमिनीवर थांबून पुढील चार कामे याच क्रमाने करावीत.

पहिले, हब. दोन्ही पुढची चाके पाहून, दोन्ही हब हाताने फिरवून लॉक करावेत. एकच हब लॉक केला आणि दुसरा राहिला, की पुढचा अॅक्सल काहीच ओढत नाही आणि चालकाची मात्र समजूत असते की गाडी फोर व्हीलमध्ये आहे. ज्या जीपना वेगळे हब नसतात त्यांचा हा प्रश्न नाही.

दुसरे, फोर व्हील लागते का ते पाहणे. लिव्हर टाकून पंचवीस-तीस फूट मऊ जमिनीवर गाडी पुढे घ्यावी. या गाड्यांना मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारा गिअरचा संच) नसतो, म्हणून डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळणे घेऊ नयेत. घेतली तर ताण साचून लिव्हर अडकतो आणि गिअरचे दात दुखावतात.

तिसरे, टायरची हवा. येथे सर्वांत जास्त घासाघीस होते, कारण हवा काढणे जिवावर येते. रस्त्यावर २६ ते ३० पाउंड हवा असते. जिप्सीसाठी १८ पाउंडांपासून सुरुवात करावी आणि वाळू मऊ लागली तर १५ पर्यंत उतरावे. जुन्या नायलॉनच्या टायरची बाजू कडक असते. १८ पाउंडांना तो जेमतेम बसतो, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही म्हणून गेजवर अविश्वास दाखवू नये. हवा कमी केल्याने टायर रुंद होतो तो थोडाच. तो मुख्यतः लांबीला जमिनीवर जास्त टेकतो आणि वजन पसरते. चारही टायर थंड असताना, एकाच गेजने मोजावेत.

ट्यूबच्या टायरला एक वेगळा धोका आहे. हवा फार कमी केली आणि जोर लावला की रिम टायरच्या आत सरकते, ट्यूब टायरबरोबर राहते, व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकून तिरका होतो आणि शेवटी मुळापासून फाटतो. म्हणून हवा काढल्यावर प्रत्येक चाकावर रिम आणि टायर या दोघांवरून जाणारी खडूची एक सरळ रेघ मारावी. तासाभराने थांबून पाहावे. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे रिमवरचा आणि टायरवरचा भाग बोटभर जरी सरकला असला, तर दोन-तीन पाउंड हवा वाढवावी.

चौथे, स्टीअरिंगची खूण. चाके सरळ असताना स्टीअरिंगच्या बरोबर वरच्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावावी. जुन्या स्टीअरिंगला खेळ असतो, ते कित्येक वेढे फिरते आणि वाळूत पुढची चाके कुठे वळली आहेत ते हाताला कळत नाही. तिरक्या चाकांनी गाडी पुढे रेटत राहणे हे रुतण्याचे फार नेहमीचे कारण आहे.

धोका: हवा कमी असताना वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वर नेऊ नये आणि झटक्यात वळू नये. टायर रिममधून निसटतो.

## टप्पा ५: सपाट वाळूतून

चाल सुरू करण्यापूर्वी गिअर ठरवावा, कारण या गाड्यांत लो रेंज (वेग कमी आणि जोर जास्त देणारी गिअरची दुसरी पातळी) टाकायला बहुधा पूर्ण थांबावे लागते आणि मऊ वाळूत थांबणे म्हणजे पुन्हा निघण्याची खात्री नसणे. सपाट वाळूसाठी फोर व्हील हाय आणि दुसरा गिअर ठीक. पुढे टेकडी दिसत असेल तर आधीच लो रेंज टाकून दुसऱ्या गिअरने निघावे आणि तिसऱ्यात जावे. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनाचा जोर वरच्या फेऱ्यांत असतो, म्हणून त्याला फिरते ठेवावे. डिझेल खालच्या फेऱ्यांतही ओढते, पण ते दबून घरघरू लागण्याआधी गिअर उतरवावा.

गिअर बदलताना क्लच क्षणभरच दाबावा. वाळू इतकी अडवते की दोन सेकंदांत गाडीची चाल संपते. क्लच अर्धा दाबून गाडी रेटणे तर सर्वथा वर्ज्य. प्लेट जळाल्याचा वास आला की दहा मिनिटे थांबावे, कारण थरमध्ये प्लेट बदलणारा मिस्त्री टेकडीमागे बसलेला नसतो.

अंगठे स्टीअरिंगच्या आऱ्यांत अडकवू नयेत, बाहेर काठावर ठेवावेत. चाक फोग या वाळवंटी झुडपाच्या एखाद्या खुंटावर आदळले की जुने स्टीअरिंग झटक्यात उलटे फिरते आणि अंगठा मोडू शकतो.

थांबायचे असेल तर ब्रेक लावू नये. ब्रेकने प्रत्येक चाकापुढे वाळूचा उंचवटा साचतो आणि निघताना तोच चढ होऊन बसतो. क्लच दाबून गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि तीही उताराकडे तोंड करून.

गाड्यांचा क्रमही ठरवून घ्यावा. धुळीच्या कच्च्या वाटेवर जुनी गाडी पुढे असावी, म्हणजे ती दुसऱ्याची धूळ गिळत नाही. मऊ वाळूत मात्र तिला दुसरा क्रमांक द्यावा, पुढच्याने दाबलेल्या चाकोरीत ती कमी जोरात जाते. दोन्ही ठिकाणी अंतर इतके असावे की पुढची गाडी रुतली तर मागचीला घट्ट जागा बघून थांबता येईल.

तपासणी: दर अर्ध्या तासाने तापमानाचा काटा पाहावा आणि थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीत अडकलेली भुरट गवताची काटेरी बोंडे हाताने काढावीत. काटा वर चढू लागला तर केबिनमधला हीटर पूर्ण सुरू करावा, गाडीचे नाक वाऱ्याकडे करावे आणि इंजिन थोड्या वरच्या फेऱ्यांवर चालू ठेवून निवू द्यावे. लगेच इंजिन बंद केले तर पाणी फिरायचे थांबते आणि ते आतल्या आत उकळते. तापलेले झाकण उघडू नये.

## टप्पा ६: वाळूची टेकडी

थरमध्ये जोराचा वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे टेकडीची वाऱ्याकडची बाजू सहसा कमी चढाची आणि दाबलेली असते, आणि आडोशाची बाजू ३२ ते ३४ अंशांची, सैल वाळूची असते. चढायचे ते दाबलेल्या बाजूने. तरीही प्रत्येक टेकडी आधी पायी चढून पाहावी. पलीकडे काय आहे ते इथून दिसत नाही, आणि पाय घोट्यापर्यंत बुडत असेल तर टायर काय करेल हेही त्यात कळते.

चढ सरळ घ्यावा. टेकडीवर आडवी गाडी घालू नये. खालच्या बाजूची चाके रुततात, गाडी आणखी झुकते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल एका बाजूला जाऊन इंजिन नेमके त्याच वेळी आचके देते. जोर चढाच्या पायथ्याशी घ्यावा, मध्यावर नव्हे. माथ्याच्या किंचित आधी पाय सैल करावा, म्हणजे गाडी माथ्यावरून उडत नाही आणि पोटावर टेकतही नाही. पलीकडे नाक सरळ खाली ठेवून, लो रेंजच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता उतरावे. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर घाबरून ब्रेक दाबण्याऐवजी किंचित ॲक्सिलरेटर द्यावा आणि सरकत्या दिशेला चाके वळवावीत.

चढ अर्ध्यावर संपला तर वळण्याचा प्रयत्न कधीही करू नये. कलंडणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ अशाच वेळी कलंडतात. इंजिन चालू असेल तर रिव्हर्स टाकून, क्लच पूर्ण सोडून, आलेल्याच चाकोरीतून सरळ खाली यावे. इंजिन बंद पडले असेल तर क्रम असा:

1. ब्रेक दाबून धरावा. इंजिन बंद असताना बूस्टर काम करत नाही, म्हणून पाय दुप्पट जोराने लागतो. कित्येक जुन्या जीपना तर बूस्टरच नसतो.
2. लो रेंज असल्याची खात्री करून रिव्हर्स टाकावा आणि क्लच पूर्ण सोडावा. आता गाडीला गिअरने धरले आहे.
3. ब्रेक हळूहळू सोडावा आणि क्लच न दाबता सेल्फ मारावा. इंजिन गिअरमध्येच सुरू होते आणि गाडी त्याच्या तालाने मागे येते.

ही कृती घराजवळच्या सपाट जागेवर आधी करून पाहावी. चढावर पहिल्यांदा करण्यासारखी ती नाही.

## टप्पा ७: रुतल्यावर

चाक एक फेरी जागच्या जागी फिरले की ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. पुढची प्रत्येक फेरी चार बोटे खोल नेते. अॅक्सलचा गोळा (मधला फुगीर भाग, ज्यात डिफरन्शियल असतो) वाळूला टेकला की गाडी चाकांवर उभी राहत नाही, पोटावर बसते, आणि मग पाच मिनिटांचे काम तासाभराचे होते.

आधी आलेल्या चाकोरीतून हलकेच रिव्हर्स घेऊन पाहावे. ते जमले नाही तर खाली उतरावे. प्रथम पोटाखालची, मग दोन्ही गोळ्यांभोवतीची आणि शेवटी चाकांपुढची वाळू काढावी. लोक नेमके उलट करतात. चाकांपुढे खणतात आणि गोळा तसाच टेकलेला राहतो. चाकांपुढे खड्डा नको, लांब उतरता चर हवा. सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे. पुढची चाके सरळ आहेत का ते बाहेरून डोळ्यांनी पाहावे. हवा १२ पाउंडांपर्यंत आणावी, पट्ट्या चाकांच्या अगदी खाली सारून घट्ट बसवाव्यात आणि दुसऱ्या गिअरने, हलक्या पायाने निघावे. गाडी सुटली की पट्ट्या घेण्यासाठी लगेच थांबू नये; घट्ट जागी जाऊन थांबावे आणि पट्ट्या चालत जाऊन आणाव्यात.

जॅक लावायचा झाला तर तो फळीवरच लावावा आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, डोके काहीही घालू नये. वाळू कधी सरकेल याचा नेम नाही.

धोका: दुसऱ्या गाडीने ओढताना दोर चेसिसच्या हूकलाच बांधावा; बंपर, पाट्याची ब्रॅकेट किंवा ट्रेलरचा गोळा यांना बांधू नये. माणसांनी दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे राहावे. चाळीस वर्षांच्या गंजलेल्या चेसिसमधून सुटलेला हूक काच फोडून माणसापर्यंत पोहोचतो.

## टप्पा ८: वाळूतून बाहेर आल्यावर

डांबरी रस्ता लागण्यापूर्वीच फोर व्हील आणि हब सोडावेत आणि टायर पूर्ण दाबाला भरावेत. कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, म्हणून इंजिन सुरू ठेवावे, पण गाडी धुळीत उभी करू नये. कमी हवेवर रस्त्यावरून धावलेल्या टायरची बाजू आतून भाजते आणि तो पुढे कधीतरी फाटतो.

संध्याकाळी मुक्कामाला, चहाच्या आधी, ऑइल बाथची वाटी उघडावी. ऑइल दाट झाले असेल किंवा तळाशी चिखल जाणवत असेल तर तिथेच बदलावे. वाळूच्या दिवसांत ही तपासणी रोजची आहे. कागदी फिल्टर हलक्या हाताने झटकावा. पुढच्या चाकांमागे स्टीअरिंगचा जो चेंडूसारखा गोल भाग उघडा दिसतो, त्याच्या कडेला वाळूने माखलेल्या ग्रीसची कड जमलेली असते. ती डिझेलच्या फडक्याने पुसून काढावी, नाहीतर प्रत्येक वळणाला ती वाळू फेल्टच्या सीलखाली जाते आणि चकचकीत पृष्ठभागावर ओरखडे पाडते.

ग्रीसचा नियम सोपा आहे. वाळूत जाण्यापूर्वी बाहेर आलेले सर्व ग्रीस पुसावे, कारण वाळू त्यालाच चिकटते. वाळूतून आल्यावर प्रत्येक निपलमधून नवे ग्रीस इतके भरावे की जुने, वाळूमिश्रित ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसू लागेल.

घरी परतल्यावर ब्रेकचे ड्रम उतरवून आत साठलेली वाळू काढावी. येथे हवेचा फवारा वापरू नये; जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावे. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, किलोमीटर पूर्ण झालेले नसले तरी, बदलावेत. त्यानंतर पहिल्या ५०० किलोमीटरांत डिपस्टिकवरची पातळी दर इंधनाच्या वेळी पाहून वहीत लिहावी. ती पूर्वीपेक्षा लवकर उतरत असेल तर टप्पा १ मधली पांढऱ्या फडक्याची तपासणी पुन्हा करावी आणि मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.